भिंगरीची आत्या

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. किराणावाला म्हणायचा, इस्त्रीवाला म्हणायचा, तिच्यापेक्षा वयाने चांगला मोठा असलेला पोस्टमनसुद्धा बिनदिक्कत म्हणायचा. खरं तर ती आत्या एकाच मुलीची. पण ती मुलगी बोलायला लागल्यापासून दिवसातून चाळीस वेळा जिन्यातून ‘आत्या’ अशी आरोळी ठोकायची, आणि ऐकून ऐकून लोकांच्या तोंडी तेच बसलं. मुलीला भिंगरी हे नाव आत्यानेच दिलं होतं. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव होतं, पण एका जागी पाच मिनिटं न टिकणाऱ्या पोरीला ते कधी चिकटलंच नाही.

घर दोन मजली, अरुंद. खाली आत्या आणि तिचा नवरा, वर तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि भिंगरी. आई गेली तेव्हा आत्या सतरा वर्षांची होती आणि भाऊ सात. त्याचं नाक पुसण्यापासून त्याला बसमध्ये कंडक्टर म्हणून चिकटवण्यापर्यंत सगळं तिने केलं. लग्न ठरताना तिने एकच अट घातली होती, भाऊ माझ्याबरोबर राहील. नवऱ्याने हसून मान डोलावली. पुढे भावाचं लग्न झालं तेव्हा त्यानेच वरच्या दोन खोल्या झाडून-रंगवून दिल्या. त्या हसण्याचे आणि त्या खोल्यांचे उपकार आत्या बावीस वर्षं मनात बाळगून होती.

नवरा घरीच दुरुस्तीची कामं करायचा. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, जुने रेडिओ. पुढच्या खोलीत खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर स्क्रूंचे डबे, तारांची भेंडोळी, आणि सोल्डरिंग करताना उठणारा राळेचा वास. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. मुलांची मोडकी खेळणी तो फुकट नीट करून द्यायचा, त्यामुळे दुपारी त्याच्या टेबलाभोवती दोन-चार पोरं असायचीच. दुरुस्तीवाले काका म्हणजे गाय, असं बायका म्हणायच्या, आणि आपापल्या नवऱ्यांकडे बघून एक सुस्कारा सोडायच्या. आत्याला ते ऐकून बरं वाटायचं. बरं का वाटू नये?

ती स्वतः दोन गल्ल्या सोडून असलेल्या बाइंडिंगच्या कारखान्यात होती. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, लाकडी पट्टीने दाबायच्या, क्रमाने लावायच्या, शिवायच्या, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. शाळेच्या वह्यापुस्तकांचं काम जास्त. अठरा वर्षांत तिच्या अंगठ्याच्या कडेला लाकडासारखा घट्टा पडला होता. साडेनऊला जायचं, पाचला सुटायचं.

भिंगरीची शाळा साडेबाराला सुटायची. भाऊ पाळ्यांवर, भावजय औषधांच्या दुकानात रात्री सातपर्यंत उभी. मुलीने दुपारभर कुठे राहायचं, हा प्रश्न आत्याने एका वाक्यात सोडवला होता. हे घरीच असतात की, मी जेवण झाकून ठेवत जाईन, जेवेल आणि खेळेल. सगळ्यांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

भिंगरी चौथीत गेली त्या वर्षी एके दिवशी दुपारी दप्तरासकट कारखान्यात आली. आत्याच्या टेबलाखाली कागदाच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली. म्हणाली, इथे छान वाटतं. मालक खेकसण्याआधी आत्याने तिला उठवलं, घरी जा म्हणाली, काका जेवायचे थांबले असतील. पोर गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. या वेळी पोटात दुखतं म्हणाली. आत्याने पोटावर हात ठेवून पाहिला, ताप नव्हता. पुन्हा घरी पाठवलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा आत्या वैतागली. सत्राच्या तोंडावर कामाचा डोंगर पडलेला, त्यात ही बया टेबलाखाली. चांगली दरडावून पाठवली. भिंगरी दारातून एकदा वळून बघून गेली. रडली वगैरे नाही.

तीनदा. हा आकडा आत्या पुढे कधीही विसरणार नव्हती.

चौथ्यांदा आली ती मधल्या सुट्टीत. बाकीच्या बायका डबे घेऊन मागच्या अंगणात गेल्या होत्या. आत्या उरलेल्या घड्या संपवत होती. भिंगरी टेबलाखाली न जाता तिच्याजवळ उभी राहिली आणि पट्टीशी चाळा करत म्हणाली,

“आत्या, मी एक सांगितलं तर तू मरणार नाहीस ना?”

आत्याला आधी हसूच आलं. मग तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू विझलं. कोण म्हणालं मी मरेन, असं तिने विचारलं. काका म्हणाले, भिंगरी म्हणाली. ही आपली दोघांची गंमत आहे, कुणाला कळली तर आत्या मरेल. अळीमिळी गुपचिळी.

“मी नाही मरत,” आत्या म्हणाली. “बोल.”

भिंगरीने चार वाक्यांत सांगितलं. ती चार वाक्यं पुढे पोलिसांनी लिहून घेतली, न्यायालयाने वाचली; इथे ती परत सांगायची गरज नाही. आत्याच्या तोंडून घाईत निघून गेलं, “नीट आठवून सांगतेयस ना?” पोरीचं तोंड लगेच मिटलं, शिंपला मिटावा तसं. आत्याला आपली चूक कळली. पट्टी खाली ठेवून ती खाली बसली, भिंगरीच्या उंचीला आली आणि म्हणाली, माझं चुकलं, असं विचारायला नको होतं मी. तुझं सगळं खरं आहे. तुझी यात काहीही चूक नाही. सांगितलंस ते फार चांगलं केलंस. हे बोलताना आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटतोय, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी तिने पोरीला पाचपर्यंत टेबलाखालीच बसू दिलं. मालक खेकसला, तेव्हा आत्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुढे गेला.

संध्याकाळी ती भावाकडे वर गेली. भावजयही दुकानातून आली होती. भिंगरीला आतल्या खोलीत पाठवून आत्याने सांगितलं. भाऊ आधी म्हणाला, काहीतरी घोटाळा असेल. मग म्हणाला, मारून टाकतो त्याला. मग जिन्यापर्यंत जाऊन परत आला आणि डोकं धरून खाली बसला. घर भाऊजींच्या नावावर. ताईने नोकरी लावली तीही भाऊजींच्याच ओळखीने. आणि मुलीची जात, उद्या गल्लीत तोंड दाखवता येईल का तिला? तासाभराने त्याने ठरवलं ते असं. वार्षिक परीक्षा झाली की आपण दुसरीकडे खोली बघून निघून जायचं. तोवर पोरीला खाली पाठवायचं नाही, शाळेतून आली की तिने वर आतून कडी लावून बसायचं. भाऊजींना काही बोलायचं नाही. घरातलं घरात राहू दे.

भावजय आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसली होती.

“आणि मी?” आत्याने विचारलं.

“तू नेहमीसारखी राहा, ताई,” भाऊ म्हणाला. “थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

ते थोडे दिवस अकरा भरले. आत्याच्या आयुष्यातली बावीस वर्षं एकीकडे आणि ते अकरा दिवस एकीकडे. सकाळी उठून चहा टाकायचा, दोन कप भरायचे, एक त्याच्यासमोर ठेवायचा. त्याने ‘साखर कमी झाली का गं’ विचारलं की उत्तर द्यायचं. ताट वाढायचं. त्याचे सदरे धुवायचे, वाळत घालायचे, घड्या घालायच्या. हात सगळं आपसूक करत होते. कामावरचा डबा मात्र ती भरलेलाच परत आणायची. बोललं तर भावाचं घर मोडतं, नाही बोललं तर आपण कोण उरतो, असा दगडाखाली हात सापडलेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो, हे तिला तेव्हा समजलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना तो सहज म्हणाला, भिंगरी दिसत नाही हल्ली. परीक्षा जवळ आली, आत्या म्हणाली. त्याने मान हलवली. जेवण सावकाश संपवलं. मग तिचा मोबाइल उचलून कानाशी धरला आणि म्हणाला, याचा आवाज खरखरतोय, बघतो जरा. दुपारपर्यंत मोबाइल टेबलावर सुटा होऊन पडला होता. तो पुन्हा जोडला गेला नाही. रोज विचारलं की रोज एक भाग मिळायचा राहिलेला असायचा.

चौथ्या दिवसापासून तो पाच वाजता कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहू लागला. हातात पिशवी, चेहऱ्यावर तेच मऊ हसू. बायका तिला चिडवायला लागल्या, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. ती त्याच्या शेजारून चालत घरी यायची. दोन गल्ल्यांचं अंतर, पण तिला वाटायचं आपल्याला कुणी धरून नेतंय. हात तर तो लावतही नव्हता. एकदा चालता चालता तो म्हणाला, लहान मुलं काहीबाही रचून सांगतात, मोठ्यांनी शहाणपणाने घ्यायचं असतं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, या वयात तू कुठे जाणार आहेस? धमकीचा सूर नव्हता. हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. म्हणजे ह्याला कळलंय, आणि मला कळलंय हेही ह्याला कळलंय, हे तिच्या ध्यानात आलं. त्यानंतर घरात दोघंही जास्तच नीट वागू लागली. भांड्याला भांडं लागत नव्हतं.

नवव्या दिवशी आत्याला अर्धा दिवस सुट्टी मिळाली, मशीन बंद पडलं म्हणून. घरी आली तर टेबलाशी समोरच्या घरची सहा वर्षांची मुलगी बसलेली. नवरा तिच्या चावीच्या कोंबडीला स्प्रिंग बसवत होता आणि तिला हातात पेचकस धरायला देत होता. बस, एवढंच. पण आत्या दारातच थबकली. आजवर तिच्या डोक्यात फक्त भिंगरी होती. भिंगरी वर आहे, सुखरूप आहे, परीक्षा झाली की जाणार आहे. आणि ही? आणि हिच्या नंतरची? आपण गप्प बसून एका पोरीला पुरतं राखलं नाही, आणि बाकीच्या गल्लीला दार उघडं ठेवलं.

तिने मुलीला हाताला धरून घरी पोचवलं, काकांना बरं नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, उंबऱ्यात बसून राहिली. येईल त्या पोराला परत पाठवत होती. आतून नवरा तिच्या पाठीकडे बघतोय हे तिला न वळता कळत होतं. पण उंबऱ्यात बसून जन्म काढता येत नाही.

कारखान्यात एक म्हातारी होती, घड्या घालण्यात सगळ्यांत जुनी. जिभेची धार बघून तिला सगळे कात्री म्हणायचे. अकराव्या दिवशी आत्या कामावर गेली तेव्हा कात्रीने तिच्या डब्याकडे पाहिलं. तो गेले कित्येक दिवस भरलेला परत जात होता. कात्रीने विचारलं, नवरा मारतो का? नाही, आत्या म्हणाली. मग त्याहून वाईट, कात्री म्हणाली, आणि पुढे काही न विचारता घड्या घालत राहिली. त्या न विचारण्यामुळेच आत्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

कात्रीने ऐकून घेतलं. हळहळ नाही, अगंबाई नाही. हातातला कागद तिने उलटा केला. शाळेच्या पुस्तकाचं शेवटचं पान होतं. त्यावर खाली चौकटीत मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर छापलेला होता. दहा वर्षं तो नंबर आत्याच्या हाताखालून जात होता, दिवसाला हजार वेळा. तिने तो कधी वाचला नव्हता. घडीची रेघ जुळते का, एवढंच ती बघायची.

“फोन मालकाच्या केबिनमध्ये आहे,” कात्री म्हणाली. “त्याला मोजणीत घोळ दाखवला की तो जेवण विसरतो. अर्धा तास मी त्याला गोदामात ठेवते.”

पण आत्याने लगेच फोन केला नाही. मुलगी भावजयीची. आधी ती मधल्या सुट्टीत औषधांच्या दुकानावर गेली. काउंटरवर गिऱ्हाईक होतं. भावजयीने औषधं दिली, सुटे पैसे परत केले, आणि आत्याकडे पाहून नुसत्या डोळ्यांनी विचारलं. आत्याने सांगितलं, मी आज फोन करणार आहे, तू नको म्हणालीस तर समोरच्या मुलीसाठी करीन, पण करणार. भावजयीने काउंटरची फळी उचलली, बाहेर आली. पांढरा डगला तसाच अंगावर.

“मला कुणी विचारलंच नाही, ताई,” ती म्हणाली. “चला. मी बोलते.”

मालकाच्या केबिनमधून लावलेल्या फोनवरची बाई साध्या आवाजात बोलली. घाबरू नका असंही म्हणाली नाही, की तुम्ही आधी का नाही सांगितलं असंही नाही. मूल आत्ता कुठे आहे, त्या माणसाच्या हाती लागणार नाही ना, एवढं पहिल्यांदा विचारलं. त्या संध्याकाळी आत्या पाचला फाटकाशी गेली नाही. कात्रीने तिला मागच्या दाराने काढलं. भावजय मुलीला घेऊन तिथेच आली होती. ती रात्र तिघींनी कात्रीच्या घरी काढली.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत एक महिला पोलीस आणि एक समुपदेशक बाई आल्या. जबाब कुठे द्यायचा, हे त्यांनी भिंगरीलाच विचारलं. तिने कारखाना सांगितला. म्हणून त्या दोघी प्रौढ बायका टेबलाखाली कागदाच्या गठ्ठ्यांवर मांडी घालून बसल्या, आणि मालक बाहेर रस्त्यावर येरझारा घालत राहिला. भावजय आत होती. आत्या दाराशी. भिंगरीला मधेच पाणी हवं झालं, एकदा तिने जबाब थांबवून कटिंग मशीन कसं चालतं ते पोलीस बाईला समजावून सांगितलं. बाईने ते लक्ष देऊन ऐकलं.

दुपारी नवऱ्याला टेबलावरून उठवून नेलं. तो कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता. जाताना त्याने हात पुसले आणि गल्लीतल्या लोकांकडे पाहून म्हणाला, गैरसमज झालाय.

गल्लीने त्याचं मानलं. गाईसारखा माणूस तो, आणि बायकोनेच आत घातला. मूल नाही, म्हणून डोकं फिरलं असेल. भावाला घर लाटायचं असेल. इस्त्रीवाला आत्या म्हणायचा बंद झाला, किराणावाला सामान काउंटरवर ठेवून दुसरीकडे बघू लागला. समोरच्या घरची मुलगी आता खिडकीतही दिसेना. तिच्या आईने एकदाच आत्याला गाठलं आणि आमच्या मुलीचं नाव कुठे घेऊ नका, असं हात जोडून सांगून ती गेली. आठवडाभरात आत्याची मोठी नणंद आली, खालच्या मजल्याचं कुलूप बदललं, आत्याचे कपडे दोन गाठोड्यांत बांधून पायरीवर ठेवले. वरच्या मजल्याला महिन्याची मुदत दिली.

भाऊ मुलीला आणि बायकोला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. जाताना तो बहिणीशी बोलला नाही. सात वर्षांचा असल्यापासून जिच्या पदराला धरून वाढला, तिला त्याने पायरीवर गाठोड्यांजवळ उभी ठेवली. तो वाईट होता असं नाही. त्याच्या डोक्यात एवढंच बसलं होतं की झाकलेलं होतं ते हिने उघडं केलं.

आत्या कारखान्याच्या मागच्या खोलीत राहू लागली. कागदाच्या रद्दीने भरलेली खोली, वर एक झरोका. मालक एरवी चिक्कू, पण ती खोली त्याने एका शब्दाने दिली. सहा महिन्यांनी नवरा जामिनावर सुटला आणि आपल्या घरात येऊन राहिला. मुलीच्या आणि साक्षीदारांच्या जवळपास फिरकायचं नाही, असा हुकूम होता. तो पाळला त्याने. पण त्याचं घर दोन गल्ल्यांवर. पाव आणायला जायचं तरी आत्या लांबचा वळसा घ्यायची. बाहेर असूनही कोंडल्यासारखी, आणि तो आत जाऊन आल्यासारखा मोकळा. संध्याकाळी कारखाना बंद झाला की ती खोलीला आतून कडी लावायची आणि मग कडी लागली का ते पुन्हा बघायची.

शनिवारी भावजय भिंगरीला समुपदेशक बाईंकडे न्यायची आणि तिथून आत्याकडे आणायची. बाई भिंगरीला मातीचा गोळा द्यायच्या, म्हणून तिने त्यांचं नाव मातीवाल्या बाई ठेवलं होतं. पोर आता नावापुरती भिंगरी राहिली होती. एका जागी बसली की बसलेलीच. पाठीमागून कुणी आलं की दचकायची. कधी खूप खायची, कधी जेवणाकडे बघायचीही नाही. मातीवाल्या बाईंनी सांगितलं होतं, तिला ओढून काढू नका, जवळ असा.

अशाच एका शनिवारी, काही कारण नसताना, भिंगरी म्हणाली, “तू मला परत पाठवायचीस.”

भावजयीने तिला गप्प करायला हात पुढे केला. आत्याने तो अडवला.

“हो,” आत्या म्हणाली. “तीनदा पाठवलं.”

“मी आले होते ना.”

“आली होतीस. मला कळायला हवं होतं. मी तुला नीट विचारलंसुद्धा नाही. चूक माझी होती.”

भिंगरीने समोरचं पुठ्ठ्याचं खोकं लाथेने उडवलं. मग दुसरं. मग रचून ठेवलेल्या वह्यांचा अख्खा थर. आत्याने तिला थांबवलं नाही. पोर दमेपर्यंत ती उभी राहिली आणि नंतर दोघींनी मिळून वह्या उचलल्या. पुढचे तीन शनिवार भिंगरी आलीच नाही. भावजयीचा निरोप यायचा, नको म्हणतेय. आत्या ते तीन शनिवार दाराकडे बघत बसली, आणि आपल्याला रागवायचा तिला हक्क आहे असं स्वतःला सांगत राहिली. सांगणं सोपं होतं. चौथ्या शनिवारी पोर आली, आणि मागच्या गोष्टीचा उल्लेखही न करता गठ्ठ्यांवर बसून गृहपाठ करू लागली.

खटला दोन वर्षं चालला. तारीख पडायची, वकील नाही म्हणून पुढे जायची, पुन्हा पडायची. भिंगरीची साक्ष बंद खोलीत झाली. पडद्याआडून, काका तिला दिसणार नाहीत अशी. मातीवाल्या बाई शेजारी होत्या. साक्ष देऊन बाहेर आल्यावर तिने फक्त भूक लागली म्हटलं.

आत्याची साक्ष मात्र सगळ्यांसमोर होती. नवरा चार हातांवर बसलेला, तिनेच कधी काळी घेतलेल्या सदऱ्यात. त्याच्या वकिलाने विचारलं, तुम्हाला मूल नाही, घर नवऱ्याच्या नावावर, भावाला राहायला जागा हवी होती, खरं ना? घर गेलंच की साहेब, आत्या म्हणाली, मी रद्दीच्या खोलीत राहते. मग वकिलाने वही उघडून विचारलं, मुलगी तुमच्याकडे तीनदा आली आणि तुम्ही तीनदा घरी पाठवली. म्हणजे तेव्हा तुम्हाला यातलं काहीच खरं वाटलं नव्हतं?

“तेव्हा मला कुणी सांगितलंच नव्हतं,” आत्या म्हणाली. “माझ्या डोळ्यांवर बावीस वर्षांची पट्टी होती. सांगितल्यावर मात्र मी तिच्यावर विश्वास ठेवला.”

भाऊ मागच्या बाकावर येऊन बसला होता, हे तिला बाहेर पडताना दिसलं. कंडक्टरच्या गणवेशात, मांडीवर टोपी. तो उठला, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टॉपपर्यंत चालत आला. तेवढंच. पण पुढच्या शनिवारी मुलीला तो स्वतः घेऊन आला.

निकाल लागला, दहा वर्षांची शिक्षा झाली. अपील केलंय, ते चालू आहे. कुणी पेढे वाटले नाहीत. गल्लीतली काही माणसं म्हणाली, आम्हाला आधीपासून संशय होताच. आत्या परत त्या घरात गेली नाही. तो रस्ता आता मोकळा आहे हे माहीत असूनही तिचे पाय अजून लांबच्या वळशानेच जातात, आणि संध्याकाळी कडी ती अजून दोनदा बघते.

भिंगरी आता चौदाची. उंच झालीय, शाळेच्या संघात धावते. बोलते कमी, पण बोलली की तोडून बोलते, कात्रीच्या वळणावर गेलीय म्हणतात सगळे. परवा ती एकटीच बसने आली. आत्या पुठ्ठे चढवत होती. ते बघत भिंगरीने विचारलं,

“तुला काका आठवतात?”

आत्याने खळीचा ब्रश खाली ठेवला. नाही म्हणावं असं मनात आलं होतं.

“आठवतात,” ती म्हणाली.

“मलापण. कधी कधी चांगले आठवतात. माझी ती हत्तीची गाडी नीट करून दिली होती ना, ते. मग मला माझीच चीड येते.”

“मलाही येते.”

“मग त्याचं काय करायचं?”

आत्याने खरंच विचार केला. मातीवाल्या बाई काय म्हणतील, कात्री काय म्हणेल, सगळं आठवून पाहिलं.

“मला माहीत नाही गं,” ती म्हणाली.

भिंगरीने मान हलवली, जणू हे उत्तर चालण्यासारखं होतं. मग तिने दुसरा ब्रश घेतला आणि समोर येऊन बसली. तिने लावलेली खळ कडेने ओघळत होती. आत्याने ती बोटाने पुसून घेतली आणि पुढचा पुठ्ठा तिच्याकडे सरकवला.